साचलेल्या पाण्याचा प्रवासी

२०१४ च्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियातल्या ग्युम नदीच्या काठावर लोकांना जेलीसारखे गोळे दिसू लागले. काही मुठीएवढे, तर काही दोन्ही हातांनी उचलावे लागतील एवढे. पाण्यात बुडालेल्या फांद्यांना, दोरांना आणि दगडांना ते चिकटलेले होते. हात लावला की बुळबुळीत लागत, पाण्याबाहेर काढले की स्वतःच्या वजनाने फाटत आणि उन्हात पडून राहिले की त्यांना घाण वास सुटे. पाठोपाठ योंगसान आणि नाकदोंग या नद्यांमधूनही तशाच बातम्या आल्या. वर्तमानपत्रांनी छायाचित्रं छापली, पर्यावरणवादी संघटना आणि सरकार समोरासमोर उभे राहिले. हा प्राणी आहे की वनस्पती? विषारी आहे का? आणि आताच, इथेच एवढ्या संख्येने का आला?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लवकर मिळाली. हा प्राणी होता, त्याचं शास्त्रीय नाव पेक्टिनाटेला मॅग्निफिका, आणि तो विषारी असल्याचा पुरावा नाही, असं सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने सांगितलं. तिसऱ्या प्रश्नावर मात्र वाद पेटला. त्याचं उत्तर शोधायचं तर या प्राण्याच्या शरीरापासून सुरुवात करून तीन खंडांचा प्रवास करावा लागतो. त्या प्रवासात आपली मुंबईसुद्धा लागते.

एक गोळा, हजारो तोंडं

ब्रायोझोआ या प्राणिसंघात आज सुमारे सहा हजार जिवंत जाती माहीत आहेत. त्यातल्या बहुतेक सगळ्या समुद्रात राहतात. गोड्या पाण्यात राहणाऱ्या जाती जेमतेम नव्वदच्या आसपास, आणि पेक्टिनाटेला त्यांपैकी एक. मूळ घर म्हणजे उत्तर अमेरिकेचा पूर्व भाग, ढोबळमानाने मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचा. फिलाडेल्फियाचे नामवंत निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ लायडी यांनी १८५१ मध्ये या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं आणि तिच्या देखणेपणावरून तिला ‘मॅग्निफिका’ म्हटलं.

पाण्याबाहेरचा गोळा पाहून हे नाव पटत नाही. देखणेपण पाहायचं असेल तर वसाहतीचा तुकडा पाण्यातच ठेवून, थोडा वेळ अजिबात न हलवता भिंगातून पाहावा लागतो. आतला गर पारदर्शक असतो. त्यात जवळजवळ नव्याण्णव टक्के पाणीच असतं आणि हा भाग जिवंत नसतो. जिवंत थर असतो तो फक्त पृष्ठभागावर. तिथे झूऑइड नावाचे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे जीव फुलांच्या आकाराचे गट करून बसलेले असतात. सगळं शांत झालं की एकेक झूऑइड आपला संस्पर्शकांचा मुकुट उघडतो. घोड्याच्या नालेच्या आकारात मांडलेले पन्नासहून अधिक नाजूक धागे त्याला असतात. प्रत्येक धाग्यावर सूक्ष्म रोम असतात. ते सतत हलत राहतात आणि त्यामुळे पाण्याचा प्रवाह तोंडाकडे ओढला जातो. त्या पाण्यातली सूक्ष्म शैवालं आणि जिवाणू हेच त्याचं अन्न. अन्ननलिका इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वळलेली असल्यामुळे टाकाऊ भाग संस्पर्शकांच्या कड्याबाहेर पडतो आणि अन्नात मिसळत नाही. भांड्याला जरा धक्का लागला की मुकुट आत ओढले जातात आणि उरतो तो पुन्हा निव्वळ गोळा.

एका वसाहतीतले झूऑइड वेगवेगळे कुटुंबीय नसतात. एका झूऑइडला कळी फुटून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, असे ते वाढत जातात आणि जनुकीयदृष्ट्या एकच असतात. गट वाढला की तो विभागतो, सगळे मिळून खाली गर स्रवतात आणि वसाहत फुगत जाते. शेजारी वाढणाऱ्या वसाहती एकमेकींना चिकटल्या की एखाद्या दोराभोवती मीटरभरापेक्षा लांब गुंडाळीसुद्धा तयार होते. एवढी वाढ व्हायला दोन गोष्टी लागतात. पाणी संथ आणि कोमट हवं, साधारण वीस अंश सेल्सिअसच्या वर. आणि त्यात शैवाल भरपूर हवं.

आकड्यांचं बीज

थंडी सुरू झाली की वसाहत मरते. गर विरघळतो, झूऑइड कुजतात. पण त्याआधीच पुढच्या वर्षाची तजवीज झालेली असते. प्रत्येक झूऑइडच्या आत, जठर आणि शरीरभित्ती यांना जोडणाऱ्या दोरीवर, स्टॅटोब्लास्ट तयार झालेले असतात. याला सुप्त कळी म्हणता येईल. वनस्पतीच्या बियांचं काम प्राण्यात करणारी ही रचना आहे, आणि ती तयार व्हायला नर-मादीच्या मीलनाची गरज नसते.

पेक्टिनाटेलाचा एक स्टॅटोब्लास्ट तळहातावर घेतला तर तो मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान, गडद तपकिरी, चपटा ठिपका दिसतो. व्यास साधारण एक मिलिमीटर. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची घडण उलगडते. कायटिनच्या दोन वाट्या कडेला कड लावून बंद केलेल्या, आत पेशी आणि त्यांच्यासाठी साठवलेलं अन्न. भोवती हवेने भरलेल्या कोशांचं कडं, त्यामुळे तो तरंगतो. आणि त्या कड्यातून चहूबाजूंना बाहेर आलेले, टोकाशी नांगरासारखे वळलेले डझनभर किंवा त्याहून जास्त आकडे. गवतातून चालून आल्यावर धोतराला किंवा सलवारीला चिकटलेली कुसळं आठवली की या आकड्यांचं काम वेगळं सांगावं लागत नाही. बदकाच्या पिसाला, माशाच्या जाळ्याला, होडीच्या दोराला, पाणवनस्पतीच्या मुळांना, जे जवळून जाईल त्याला हा ठिपका धरतो.

तो गारठा सोसतो, काही काळ कोरडाही राहू शकतो. वसंतात पाणी तापू लागलं की दोन वाट्या कडेने उकलतात, आतून एकच झूऑइड बाहेर येतो आणि जवळच्या पृष्ठभागाला चिकटतो. तिथून पुन्हा कळ्या फुटायला सुरुवात. एका ठिपक्यातून पूर्ण वसाहत उभी राहते, म्हणून नव्या तलावात पोचायला एक ठिपका पुरतो. जोडीदार शोधण्याची अडचण या प्राण्याला नाही.

एवढं सामर्थ्य असूनही हजारो वर्षं तो आपल्या भूभागातच राहिला, कारण अटलांटिक महासागर ओलांडणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. खारं पाणी त्याला मानवत नाही आणि बदकं तेवढ्या लांब जात नाहीत. मग ही वाट त्याला कोणी करून दिली?

हॅम्बुर्ग, ट्रेबोन, कावागुची

युरोपातली या प्राण्याची पहिली नोंद १८८३ मधली आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्गजवळच्या बिल नदीतली. हॅम्बुर्ग हे अमेरिकेशी सतत ये-जा असलेलं मोठं बंदर. माणसं, माल, लाकूड आणि झाडं-रोपं घेऊन जहाजं दोन्ही दिशांना जात होती. परक्या प्राण्याची पहिली नोंद अशाच ठिकाणी व्हावी, यात नवल नाही.

त्या काळात कार्ल क्रेपेलिन हे हॅम्बुर्गचे प्राणिशास्त्रज्ञ गोड्या पाण्यातल्या ब्रायोझोआंचा अभ्यास करत होते. त्यांनी १८८५ मध्ये आणखी एक काम प्रसिद्ध केलं, ते म्हणजे हॅम्बुर्गच्या पिण्याच्या पाण्याच्या नळांत राहणाऱ्या प्राण्यांची पाहणी. शहर एल्ब नदीचं पाणी न गाळताच नळांत सोडत होतं. त्या नळांच्या आतल्या भिंतींवर ब्रायोझोआंचे थर वाढले होते आणि त्यांच्या आधाराने कितीतरी इतर प्राणी तिथे नांदत होते. काळोख्या नळातही त्यांना खायला मिळत होतं, कारण पाणीच अन्नाने भरलेलं होतं. सात वर्षांनी, १८९२ मध्ये, त्याच नळांतून आलेल्या कॉलऱ्याने हॅम्बुर्गमध्ये सुमारे ८,६०० लोकांचा बळी घेतला. शेजारचं आल्टोना वाळूतून गाळलेलं पाणी पीत होतं, ते बरंचसं वाचलं. कॉलरा ब्रायोझोआंनी आणला नव्हता. पण न गाळलेलं पाणी घराघरांत जातं आहे, ही गोष्ट नळातल्या या जिवांनी आधीच दाखवून दिली होती. पाण्यात काय आहे, हे पाण्यात कोण राहतं यावरून कळतं.

पेक्टिनाटेला पुढे मध्य युरोपात पसरला, तरी बराच काळ तुरळकच राहिला. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मात्र त्याचा वेग वाढला. १९९० च्या दशकात तो पूर्व फ्रान्समध्ये दिसला. २००३ च्या सुमाराला नेदरलँड्समध्ये आणि झेक प्रजासत्ताकाच्या दक्षिणेकडच्या ट्रेबोन भागात त्याची नोंद झाली. ट्रेबोनचं उदाहरण विशेष लक्षात घेण्याजोगं आहे. हा भाग माणसाने खोदलेल्या तलावांचा आहे. शेकडो वर्षांपासून तिथे कार्प मासे वाढवतात. रोझम्बर्क हा त्यातला सर्वांत मोठा तलाव १५९० मध्ये पूर्ण झाला. दर शरद ऋतूत तलावांचं पाणी सोडून, जाळी ओढून मासे काढतात. नाताळच्या जेवणात कार्प हवाच, अशी तिथली रीत आहे. मत्स्यबीज एका तलावातून दुसऱ्यात जातं, जाळी आणि टाक्या तलावोतलावी फिरतात, वर बदकांचे थवे असतातच. तलाव उथळ, उन्हाळ्यात कोमट आणि माशांच्या खाद्यामुळे पोषकद्रव्यांनी भरलेले. पेक्टिनाटेलाला हवं ते सगळं एकाच जागी.

पूर्वेकडे जपानमध्ये फूजी पर्वताच्या पायथ्याच्या कावागुची सरोवरात तो १९७२ मध्ये सापडला, आणि पुढे देशातल्या इतर जलाशयांत पोचला. कोरियातल्या तलावांमध्ये त्याची नोंद १९९० च्या दशकातली. खुद्द उत्तर अमेरिकेतही तो आपली सीमा ओलांडून पश्चिमेला गेला. २०१७ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हँकुव्हर शहरातल्या स्टॅनली पार्कमधल्या तळ्यात त्याचे गोळे दिसले आणि जगभर बातम्या झाल्या.

मुंबईहून अमेरिकेला

अमेरिकेतून जग भरलं, असा समज मात्र करून घेऊ नये. या वाटेवर उलटी वाहतूकही झाली आहे, आणि तिचा धागा आपल्या मुंबईशी जोडलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हेन्री जॉन कार्टर हे शल्यचिकित्सक मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. मुंबई बेटावर तेव्हा ठिकठिकाणी गोड्या पाण्याचे तलाव होते. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही ठिकाणं आज फक्त नावापुरती तलाव राहिली आहेत, पण त्या काळी शहर अशाच तलावांचं पाणी वापरत होतं. कार्टर यांनी मुंबईच्या तलावांतले स्पंज आणि ब्रायोझोआ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून चिकाटीने अभ्यासले आणि त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली. १८५८ मध्ये त्यांनी मध्य भारतातल्या अशाच एका प्राण्याला हिस्लोपिया लॅकुस्ट्रिस हे नाव दिलं. नागपूरचे मिशनरी आणि भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, तेच हे हिस्लॉप.

मुंबईच्या ज्या एका ब्रायोझोआचं वर्णन कार्टर यांनी केलं होतं, त्याला पुढे १८६६ मध्ये अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ अल्फियस हायट यांनी कार्टर यांचंच नाव दिलं. आज तो लोफोपोडेला कार्टेरी म्हणून ओळखला जातो. हा पेक्टिनाटेलाचा जवळचा नातेवाईक. वसाहत लहान, जेमतेम एक-दोन सेंटिमीटरची, तीही जेलीचीच. स्टॅटोब्लास्टला आकडे असतात, पण चहूबाजूंनी नव्हे, फक्त दोन टोकांना. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात इगतपुरीच्या तलावातूनही त्याची नोंद केली. आशिया आणि आफ्रिकेच्या उष्ण भागात त्याचा वावर होता.

ज्या देशातल्या शास्त्रज्ञाने त्याचं नामकरण केलं, त्याच देशात हा प्राणी सुमारे सत्तर वर्षांनी पोचला. १९३४ मध्ये मेरी रॉजिक यांनी अमेरिकेच्या इरी सरोवरातून त्याची नोंद प्रसिद्ध केली. पाणवनस्पतींच्या व्यापाराबरोबर तो आला असावा, असं मानलं जातं. हौशी माणसांनी तळ्यांसाठी आणि काचेच्या टाक्यांसाठी मागवलेल्या रोपांच्या मुळांत दोन टोकांना आकडे असलेला ठिपका बसून येणं अगदी सोपं. रॉजिक यांनी वाळवून ठेवलेले स्टॅटोब्लास्ट चार वर्षांनंतरही उगवू शकले. चार वर्षं कोरडं राहून जगणाऱ्या जिवाला समुद्रप्रवास म्हणजे काहीच नाही.

लोफोपोडेलाचा एक धोका पेक्टिनाटेलापेक्षा स्पष्ट आहे. त्याची वसाहत चिरडली गेली की तिच्यातून निघणारा द्रव माशांच्या कल्ल्यांना इजा करतो आणि मासे मरतात. १९६० च्या दशकात व्हर्जिनियातल्या संशोधकांनी निरनिराळ्या माशांवर प्रयोग करून हे तपासलं. मुंबई-इगतपुरीच्या तलावांत जो जीव आपल्या जागी, आपल्या शेजाऱ्यांबरोबर, कुणाच्या नजरेतही न भरता राहत होता, तो परक्या पाण्यात मत्स्यपालकांच्या चिंतेचा विषय झाला. त्याच्या स्वभावात काहीही बदल झाला नव्हता. बदलली होती ती फक्त जागा.

खरं नुकसान किती?

या प्राण्यांविषयी भीती आणि बेफिकिरी, दोन्ही टोकं टाळायला हवीत. पेक्टिनाटेला चावत नाही, डसत नाही. त्याने माणसाला रोग दिल्याचा दाखला नाही. तो पाणी गाळून खातो, त्यामुळे काही प्रमाणात शैवाल कमीच होतं.

त्रास होतो तो वेगळ्या मार्गांनी. सिंचनाच्या नळांच्या तोंडांवर, पंपांच्या जाळ्यांवर, मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यांवर वसाहती वाढल्या की पाण्याचा मार्ग अडतो. हंगामाच्या शेवटी सगळ्या वसाहती एकदम मरून कुजू लागल्या की पाण्यात अमोनिया वाढतो आणि प्राणवायू कमी होतो. आणि गोड्या पाण्यातले काही ब्रायोझोआ अशा परजीवीला आसरा देतात, जो सामन-ट्राउटच्या कुळातल्या माशांमध्ये मूत्रपिंडाचा रोग निर्माण करतो. हा परजीवी ब्रायोझोआत वाढतो, तिथून पाण्यात उतरतो आणि माशात शिरतो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात यलोस्टोन नदीत याच रोगाने हजारो मासे मेले, तेव्हा नदीचा सुमारे तीनशे किलोमीटरचा पट्टा माणसांना बंद करावा लागला. तिथला ब्रायोझोआ परका होता असं नाही. पण या प्राण्यांचा संबंध किती दूरवर पोचू शकतो, याचा अंदाज त्यावरून येतो. कमी आणि तापलेल्या पाण्यात हा रोग जास्त बळावतो, हेही लक्षात ठेवण्याजोगं.

कोरियाचा प्रश्न

आता ग्युम नदीकडे पाहता येईल. दक्षिण कोरियाने २००९ पासून चार मोठ्या नद्यांचा प्रकल्प हाती घेतला. हान, नाकदोंग, ग्युम आणि योंगसान या नद्यांचं पात्र खोल केलं गेलं आणि त्यांच्यावर १६ बंधारे बांधले गेले. पुराला आळा, पाण्याचा साठा आणि नदीकाठचा विकास हे हेतू सांगितले गेले. २०१२ च्या सुमाराला बंधारे पूर्ण झाले आणि २०१४ मध्ये गोळे दिसले.

पर्यावरणवाद्यांचं म्हणणं असं, की बंधाऱ्यांनी नदीचं तळं केलं आणि म्हणून हा प्राणी आला. सरकारचं म्हणणं असं, की तो स्वच्छ पाण्यातही राहतो, देशात आधीपासून होता, त्यामुळे तो प्रदूषणाची खूण मानता येणार नाही. सरकारच्या बाजूचं विधान खोटं नव्हतं. पेक्टिनाटेला निव्वळ घाणीत वाढतो असं नाही, अगदी गलिच्छ पाणी त्यालाही सोसत नाही. पण ते विधान मूळ प्रश्नाला बगल देत होतं. तो देशात वीसेक वर्षं होता, मात्र तलावांत होता. वाहत्या नदीत त्याची अशी वाढ झाली नव्हती. पाणी थांबलं, तापलं, त्यात शैवाल वाढलं, चिकटायला बुडालेली झाडं आणि बांधकामं मिळाली, तेव्हाच नदीत तलावाचा रहिवासी वसला. हा प्राणी पाण्याच्या घाणीपेक्षा पाण्याच्या थांबण्याची साक्ष देत होता. बंधारे बांधणाऱ्यांनी ती साक्ष ऐकायला हवी होती.

ट्रेबोनचे तलाव, हॅम्बुर्गचं बंदर, कोरियाचे बंधारे या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट दिसते. परक्या जिवाला पसरायला वाट लागते आणि जागा लागते. वाट जहाजांनी, मत्स्यबीजाने आणि शोभेच्या रोपांनी दिली. जागा साठवलेल्या, तापलेल्या आणि सांडपाण्याने किंवा खतांनी पोसलेल्या पाण्याने दिली. दोन्ही गोष्टी माणसाच्या हातच्या आहेत. अशा प्राण्याला ‘आक्रमक’ म्हणताना आक्रमणाची सगळी तयारी आपणच करून ठेवली होती, हे विसरता येत नाही.

आपल्या पाण्यासाठी

महाराष्ट्राइतक्या संख्येने मोठी धरणं देशात दुसऱ्या कुठल्याही राज्यात नाहीत. नद्या अडवणं ही इथल्या शेतीची आणि शहरांची गरज आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण अडवलेल्या पाण्यात शहरांचं सांडपाणी आणि शेतातली खतं जात राहिली तर काय होतं, ते आपण जलपर्णीच्या रूपात दर वर्षी पाहतो. जलपर्णी दक्षिण अमेरिकेची. उजनी धरणाच्या मासेबाजारात रोज दिसणारा चिलापी मासा आफ्रिकेचा. कुणी मुद्दाम आणलं, कुणी शोभेसाठी, कुणी उत्पन्नासाठी. एकदा सुटल्यावर दोघांनाही परत पाठवता आलेलं नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या वनस्पतीची आणि माशाची ही गत, तर मिलिमीटरभर ठिपक्याला कोण अडवणार?

अडवण्याची जागा एकच, सुरुवातीची. घरातल्या माशांच्या टाकीतलं पाणी, मासे किंवा वनस्पती तलावात, ओढ्यात किंवा विहिरीत टाकू नका. ते पाणी जमिनीवर, झाडांच्या मुळाशी ओता आणि नको असलेली रोपं उन्हात पूर्ण वाळवून मगच फेका. एका जलाशयात वापरलेली जाळी, होडी, गळ दुसऱ्या जलाशयात नेण्यापूर्वी धुवा आणि कडक उन्हात वाळवा. मत्स्यबीज आणताना ते कुठल्या पाण्यातून आलं, हे विचारा. आणि गावच्या तलावात बुडालेल्या काठीवर किंवा कमळाच्या पानाखाली जेलीसारखं काही दिसलं तर घाबरून खरवडून टाकू नका. तो इथलाच रहिवासी असण्याची शक्यता मोठी. छायाचित्र घ्या, जागा आणि तारीख लिहून ठेवा, जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या विभागाला दाखवा. मुंबईच्या तलावांतले जीव कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, म्हणूनच आज त्यांचं मूळ घर कुठलं हे आपल्याला सांगता येतं. कोण आपलं आणि कोण परकं, हे ओळखायचं असेल तर आधी आपल्या पाण्यात कोण राहतं याची नोंद हवी. ती नोंद करणं हे आता तुमचं-आमचं काम आहे.